उपवास आणि पिवळे डोळे

नवरात्राचे उपवास संपता संपता एखाद्या तरुणाचे डोळे पिवळट दिसू लागतात. घरचे घाबरून कावीळ उतरवणाऱ्याकडे नेतात, तेल-तूप तोडतात. दर वर्षी हेच घडत असेल तर ‘गिल्बर्ट सिंड्रोम’ची शंका घ्यावी.

रक्तातील तांबड्या पेशी सुमारे १२० दिवसांनी मोडतात आणि त्यातून बिलिरुबिन हे पिवळे द्रव्य तयार होते. यकृतातील एक विकर त्याला पित्तावाटे बाहेर पडण्याजोगे करते. काहींमध्ये हे विकर जन्मतःच कमी काम करते. दोष आनुवंशिक आहे, संसर्गजन्य नाही. तेव्हा ताटवाटी वेगळी करण्याचे कारण नाही, ठरलेली सोयरीक मोडण्याचे तर नाहीच. उपाशी राहिल्याने, तापाने, अतिश्रमाने बिलिरुबिन चढते. म्हणजे कडक पथ्य उलटेच पडते! माळेने उतरली म्हणतात ती कावीळ नेहमीचे जेवण सुरू होताच आपोआप ओसरणारी असते.

तपासणीत बिलिरुबिन बहुधा ४ मिलिग्रॅमच्या आत, तेही ‘इनडायरेक्ट’. यकृताचे बाकी रिपोर्ट व हिमोग्लोबिन ठीक. औषधाची गरज नाही. मात्र लघवी गडद, उलट्या, अंगाला खाज असेल तर ती कावीळ निराळी. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. पहिला रिपोर्ट जपून ठेवा, पुढे ऑपरेशन किंवा मोठे औषध घेण्याची वेळ आल्यास तो डॉक्टरांपुढे ठेवावा.