डासाच्या रंगाचा वारसा

उन्हाळा सरला की भोपाळमधल्या आपल्या घरांचे कूलर गच्चीवर तसेच पडून राहतात. तळाच्या पाण्यात काही दिवसांत अळ्या वळवळू लागतात. पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर, आडव्या तरंगणाऱ्या अळ्या अ‍ॅनॉफिलीस डासाच्या असतात. शहरांत मलेरिया पसरवणारा प्रमुख डास म्हणजे अ‍ॅनॉफिलीस स्टीफेन्साय. लिस्टन यांनी १९०१ साली त्याचे वर्णन केले, तेही आपल्या वऱ्हाडातल्या एलिचपूरहून, म्हणजे आजच्या अचलपूरहून!

या अळ्या सहसा तपकिरी-करड्या असतात. प्रयोगशाळेत वाढवताना मात्र एखादी हिरवी, सोनेरी किंवा काळी निघते. बंगळूर विद्यापीठात या डासाच्या आनुवंशिकतेवर बरेच काम झाले आहे.

हा रंग जन्मजात की परिसराचा, हे आधी ठरवावे लागते, कारण गडद भांड्यात वाढलेली अळीही काळसर होते. म्हणून संकर करून पाहतात. समजा, सोनेरी रंगाचे जनुक अप्रभावी आहे. सोनेरी आणि साध्या डासांचा संकर केला तर पहिली पिढी सगळी साधी दिसते. रंग नाहीसा झाला असे वाटते, पण तो लपलेला असतो. याच पिढीचा आपसात संकर केला की नातवंडांत साधारण चारांत एक सोनेरी निघते.

हेच जनुक एक्स गुणसूत्रावर असेल तर चित्र बदलते. नराला एकच एक्स मिळतो, तोही आईकडून. त्यामुळे सोनेरी आई आणि साधा बाप असतील तर मुलगे सगळे सोनेरी, मुली सगळ्या साध्या! चावते ती फक्त मादी. वंध्य नर सोडून डासांची संख्या घटवायची तर नर-मादी वेगळे करावे लागतात, आणि तिथे अशी रंगाची खूण उपयोगी पडते.

रंगाने डास अधिक घातक होतो असे नाही. पण कीटकनाशकाला दाद न देण्याचा गुणही असाच पिढ्यान्‌पिढ्या उतरतो. एकच औषध वारंवार फवारले की तग धरणारे उरतात आणि त्यांचीच प्रजा वाढते.

कोरड्या कूलरवर मात्र कोणत्याच जनुकाचा इलाज चालत नाही. अंड्यापासून डास व्हायला उष्ण हवेत आठ-दहा दिवस पुरतात. म्हणून आपण सर्वांनी आठवड्यातून एकदा कूलर रिकामा करून, घासून, वाळवावा आणि गच्चीवरची टाकी घट्ट झाकावी, ही आमची आग्रहाची विनंती.