कामगारांची मुले आणि अरबी भाषा

आमचे आयुष्य कामगार चळवळीत गेले; भाषाशास्त्राची पदवी आमच्यापाशी नाही. तरीही या विषयावर बोलण्याचा थोडा अधिकार आम्ही सांगतो. युनियनच्या कचेरीत अर्ज, तक्रार, हक्क, वकील, कायदा, मालक हे शब्द दिवसभर चालतात, आणि ते सारे मूळचे अरबी. ‘तक्रार’ म्हणजे अरबीत पुन्हा पुन्हा करणे. एकदा सांगून काम होत नाही, हे त्या भाषेला आमच्या आधीच ठाऊक होते!

आता ही भाषा बोलणाऱ्या कामगारांकडे वळू. मोरोक्को, अल्जिरिया, ट्युनिशिया येथील हजारो मजूर फ्रान्सच्या मोटार-कारखान्यांत, खाणींत आणि बांधकामांवर राबले. 1974 साली फ्रान्सने नवी मजूरभरती थांबवली. पण आलेल्यांनी बायकामुले आणून तेथेच बिऱ्हाड केले. 1973 नंतरच्या दहा वर्षांत फ्रान्सने या देशांशी करार केले. मुलांना अरबी शिकवणारे गुरुजी मायदेशाने पाठवायचे, पगारही त्यानेच द्यायचा. हे वर्ग पुष्कळदा शाळेच्या वेळेबाहेर भरत. मुले एक दिवस मायदेशी परततील, ही त्यामागची एक समजूत होती. बहुतेक मुले परतली नाहीत. 2020 साली या व्यवस्थेच्या जागी नवी योजना आली.

मग मुलांना अरबी जड का जाते? कारण अरबी दोन आहेत. एक घरची, एक पुस्तकाची. मोरोक्कोतली आई ‘आता’ला ‘दाबा’ म्हणते, पुस्तक ‘अल्-आन’ म्हणते. चार्ल्स फर्ग्युसन या अभ्यासकाने 1959 साली अशा दुहेरी भाषास्थितीचे विवेचन केले, त्यात अरबीचे उदाहरण प्रमुख होते. घरी मालवणी बोलणारे पोर ग्रांथिक मराठीपुढे गांगरते. येथले अंतर त्याहून मोठे आहे. अशा वेळी गुरुजीने घरच्या बोलीला ‘अशुद्ध’ म्हटले, की मुलाला आपल्या आईचीच लाज वाटू लागते. तेथे शिक्षण संपले.

तेव्हा आरंभ घरच्या शब्दापासून करावा. भाकरीला आई ‘खोब्ज’ म्हणते, पुस्तक ‘खुब्ज’ म्हणते. दोन्ही शेजारी ठेवले की पूल आपोआप बांधला जातो. अक्षरे 28, उजवीकडून डावीकडे लिहायची. ऱ्हस्व स्वरांच्या खुणा एरवी छापत नाहीत, म्हणून नवशिक्याच्या हाती खुणा असलेलेच पुस्तक द्यावे. पुढे शब्दांच्या कुळांचा खेळ मांडावा. क-त-ब या तीन व्यंजनांतून किताब म्हणजे पुस्तक, कातिब म्हणजे लिहिणारा, मकतब म्हणजे कचेरी, मकतबा म्हणजे ग्रंथालय. एक किल्ली आणि चार दारे! त्यांच्या जोडीला जुहाच्या गोष्टी असाव्यात; आपल्याकडे मुल्ला नसरुद्दीनच्या नावाने चालतात, त्याच जातीच्या. 1979 साली कुवेतमध्ये ‘इफ्तह या सिमसिम’ हा बालकार्यक्रम सुरू झाला. त्यातील बाहुल्या सोपी पुस्तकी अरबी बोलत, आणि देशोदेशींची अरब मुले ती हसतखेळत ऐकत.

एक सावधगिरी हवी. उत्तर आफ्रिकेतील अनेक घरांची मायबोली अरबी नसून अमाझिग आहे. त्या मुलांवर ‘ही तुझी मातृभाषा’ म्हणून अरबी लादू नये.

पण खरी अडचण पुस्तकाची नाही, वेळेची आहे. बाप रात्रपाळीला, आई पहाटे कचेऱ्यांच्या फरशा पुसायला. मुलाशी बोलणार कोण? भाषा वर्गात दुरुस्त होते, पण वाढते ती जेवणाच्या ताटाभोवती. दमलेल्या मुलाला आठवड्यातून दोन-तीन तास बाकावर बसवून त्या ताटाची भरपाई होत नाही. आमच्या आठ तासांच्या मागणीकडे लोक केवळ विश्रांतीची मागणी म्हणून पाहतात. आमचे सांगणे एवढेच, की मुलाला गोष्ट सांगायला लागणारा अर्धा तास हाही त्याच मागणीत मोडतो. तो मिळेपर्यंत तक्रार करीत राहिले पाहिजे. शब्दाचा मूळ अर्थच तसा आहे.