किल्ली मागणाऱ्यांची तीस वर्षे

१६ एप्रिल १९९३ रोजी अमेरिकेत क्लिंटन सरकारने ‘क्लिपर’ नावाची चिप जाहीर केली आणि एन्क्रिप्शनच्या किल्लीवरून सरकार व कंपन्या यांच्यात उघड ओढाताण सुरू झाली. ती आजतागायत मिटलेली नाही. फोनवरचे बोलणे ही चिप गुप्त ठेवणार होती, मात्र तिच्या किल्लीचे दोन तुकडे करून ते दोन सरकारी खात्यांकडे ठेवायचे ठरले होते. न्यायालयाचा हुकूम मिळाला की तुकडे जोडायचे आणि ऐकायचे. अपहरण करणाऱ्यांचे बोलणे पोलिसांना ऐकता यावे, यात वरवर पाहता वावगे काहीच नव्हते.

पुढच्याच वर्षी बेल लॅब्जमधील मॅट ब्लेझ यांनी त्याच तंत्राचे एक प्रायोगिक कार्ड तपासायला घेतले. कोणती किल्ली शोधायची हे पोलिसांना कळावे म्हणून प्रत्येक संभाषणासोबत १२८ बिटांची एक नोंद जात असे. ती खरी की खोटी हे ठरवायला अवघ्या १६ बिटांची खूण होती, म्हणजे ६५,५३६ शक्यता. खोट्या नोंदी एकामागून एक पुढे करत राहिले की सरासरी पाऊण तासात एखादी खपून जाई. थोडक्यात, ज्याला लपायचे तो खुशाल लपणार आणि सरकारदरबारी किल्ल्या साठणार त्या सरळमार्गी माणसांच्या. क्लिपर दोनेक वर्षांत बारगळली.

मग दबाव कंपन्यांवर आला. मजबूत एन्क्रिप्शन तेव्हा निर्यातीच्या कायद्यात शस्त्रास्त्रांच्या यादीत मोडत असे. परदेशी विकायचे तर ४० बिटांपर्यंतच. लोटस कंपनीने १९९६ साली तोडगा काढला. ‘नोट्स’च्या परदेशी आवृत्तीत किल्ली ६४ बिटांची, पण त्यातले २४ बिट अमेरिकी सरकारलाच उलगडता येतील असे सोबत बांधलेले. कंपनीने हे लपवले नव्हते. तरीही स्वीडनच्या संसदेत आणि सरकारी खात्यांत हेच सॉफ्टवेअर वापरात होते आणि १९९७ साली तिथल्या वृत्तपत्राने छापेपर्यंत वापरणाऱ्यांना त्याचा पत्ता नव्हता. मला या साऱ्या इतिहासात हा प्रसंग सर्वांत अस्वस्थ करतो. एका देशाच्या लोकप्रतिनिधींच्या पत्रव्यवहाराची निम्मी वाट दुसऱ्या देशासाठी मोकळी होती, आणि तीही रीतसर विकत घेतलेली.

२००० साली निर्यातीचे नियम सैल झाले. प्रश्न सुटला असे पुष्कळांना वाटले.

२०१३ च्या उन्हाळ्यात एफबीआय डॅलसमधल्या लॅव्हाबिट या छोट्या ईमेल कंपनीच्या दारात उभी राहिली. हवी होती एका ग्राहकाची माहिती. तो अमेरिकी सरकारची गुप्त पाळत उघड करणारा एडवर्ड स्नोडेन होता, हे पुढे न्यायालयीन कागदपत्रांतून उघड झाले. ती माहिती मिळवण्यासाठी मागितल्या गेल्या मात्र साऱ्या सेवेच्या खासगी किल्ल्या, म्हणजे चार लाखांवर खातेदारांच्या पत्रांना कुलूप लावणाऱ्या. फक्त त्या एका खात्याची नोंद स्वतः काढून देतो, अशी तयारी मालक लाडार लेव्हिसन यांनी दाखवली होती. ती मानली गेली नाही. तेव्हा त्यांनी किल्ल्या ११ पानांवर, ४ पॉइंटच्या बारीक टाइपात छापून दिल्या. न्यायालयाने दिवसाला ५,००० डॉलरचा दंड ठोठावला. किल्ल्या द्याव्या लागल्या, पण त्यांनी ८ ऑगस्टला कंपनीच बंद केली. वाचवायला दुसरे काही हाती नसताना एवढी किंमत मोजणाऱ्या माणसाबद्दल मला आदर वाटतो.

कंपनीकडे किल्ली असेल तर ती मागितली जाणारच, हा धडा इतरांनीही घेतला. एप्रिल २०१६ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपने सर्वांच्या संदेशांच्या किल्ल्या वापरणाऱ्यांच्या फोनमध्येच ठेवल्या. आपल्याकडे त्याआधी, सप्टेंबर २०१५ मध्ये, एन्क्रिप्शन धोरणाचा मसुदा आला होता. एन्क्रिप्ट केलेल्या मजकुराची उघडी प्रत नागरिकांनीही ९० दिवस जपावी, अशी त्यात अट होती; ओरड होताच तो मागे घेतला गेला. २०२१ च्या नियमांनी संदेशाचा मूळ पाठवणारा शोधून देण्याची सक्ती केली. एन्क्रिप्शन मोडायला लावले तर भारत सोडावा लागेल, असे व्हॉट्सअ‍ॅपच्या वकिलांनी एप्रिल २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात सांगितले.

त्याच वर्षी अमेरिकी दूरसंचार कंपन्यांत चिनी हॅकर शिरल्याचे उघड झाले. न्यायालयीन हुकमाने फोन ऐकता यावेत म्हणून कंपन्यांनी उभारलेल्या यंत्रणेपर्यंतही ते पोहोचले होते. डिसेंबरमध्ये अमेरिकेच्या सायबर सुरक्षा संस्थेने बड्या अधिकाऱ्यांना आणि नेत्यांना सल्ला दिला: बोलायचे तर, किल्ली कंपनीकडेही नसते अशाच अ‍ॅपवर बोला.