वेशीवर थांबलेली बंदूक

जुनी नाणी, टपालाची तिकिटे, घड्याळे जमविणारी छांदिष्ट माणसे आपल्या सर्वांच्या परिचयाची असतात. परदेशातले एखादे दुर्मीळ तिकीट हवे असले, तर चार पत्रे लिहून आणि थोडे पैसे पाठवून ते मिळविता येते. पण अशाच एखाद्या छांदिष्टाचे मन बंदुकीवर, त्यातही परदेशी आणि क्वचितच दिसणाऱ्या बंदुकीवर जडले, तर काय होते? आपल्या देशात हा प्रश्न सहसा उद्भवत नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्यावाचून बंदूक बाळगता येत नाही, की बाहेरून आणता येत नाही. परंतु अमेरिका आणि कॅनडा या देशांत नेमबाजीचे आणि शस्त्रसंग्रहाचे शौकीन लाखोंनी आहेत. त्यांच्या या छंदाची वाट कोणकोणत्या नाक्यांवरून जाते, ते एका बंदुकीच्या उदाहरणावरून पाहू.

ही बंदूक चेकोस्लोव्हाकियाची. नाव ‘व्हीझेड ५८’. इरी चेर्माक या अभिकल्पकाने ती सिद्ध केली आणि १९५८ मध्ये तेथील सैन्याने ती स्वीकारली. दुरून पाहणाऱ्यास ती रशियाची प्रसिद्ध कलाश्निकोव्हच वाटावी, इतके बाह्य रूप सारखे. काडतूसही तेच. पण उघडून पाहिली, तर आतली यंत्ररचना सर्वस्वी निराळी. दोघींचे सुटे भाग एकमेकींना चालत नाहीत. बाहेरून जुळी आणि आतून परकी, असे हे कोडे आहे, आणि म्हणूनच जाणकारांना तिचे आकर्षण. नागरिकांसाठी हिची अर्धस्वयंचलित आवृत्ती निघाली. अर्धस्वयंचलित म्हणजे घोडा एकदा ओढला की एकच गोळी सुटते आणि पुढचे काडतूस आपोआप जागेवर येते. सैनिकी बंदुकीप्रमाणे घोडा दाबून धरला असता गोळ्यांची सरबत्ती होत नाही.

आता ही आवृत्ती अमेरिकेत न्यायची आहे, असे समजू. पहिली अडचण लांबीची. सैनिकी बंदुकीची नळी ३९० मिलिमीटर. अमेरिकी कायद्यात रायफलीची नळी किमान सोळा इंच, म्हणजे सुमारे ४०६ मिलिमीटर हवी. त्याहून आखूड असेल, तर १९३४ च्या एका कडक कायद्याखाली तिची वेगळी नोंदणी करावी लागते. अवघ्या सोळा मिलिमीटरांसाठी नळी नव्याने घडवावी लागते!

दुसरी अडचण हेतूची. १९६३ मध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडी यांची हत्या झाली, ती टपालाने मागविलेल्या एका जुन्या इटालियन सैनिकी रायफलीने. त्या दुकानाच्या जाहिरातीत दुर्बिणीसह तिची किंमत वीस डॉलरही नव्हती. त्यानंतर बराच वाद होऊन १९६८ मध्ये नवा शस्त्र कायदा आला. क्रीडेसाठी विशेष योग्य असेल तीच बंदूक सामान्यतः आयात करता यावी, असे त्याने ठरविले. परंतु ‘क्रीडा’ म्हणजे काय, याची व्याख्या कायद्याने केली नाही. ती अधिकाऱ्यांवर सोपविली. १९८९ च्या जानेवारीत कॅलिफोर्नियातील स्टॉक्टन येथे एका शाळेच्या प्रांगणात पाच मुले गोळीबारात मारली गेली. त्याच वर्षी सैनिकी धाटणीच्या त्रेचाळीस प्रकारच्या बंदुकी क्रीडायोग्य नाहीत, असे ठरवून त्यांची आयात थांबविण्यात आली. १९९८ मध्ये लष्करी बनावटीचे मोठे मॅगझिन ज्यांत बसते, अशा रायफलींनाही दार बंद झाले.

तिसरी अडचण मोठी चमत्कारिक आहे. जी बंदूक आयात करता येत नाही, ती परदेशी सुट्या भागांतून देशात जुळविण्यावर १९९० च्या कायद्याने बंदी आली. पण परदेशी भाग किती, याचा हिशेब कसा करायचा? त्यासाठी नियमांत वीस भागांची यादी दिली गेली. नळी, घोडा, दस्ता, मॅगझिनचा तळ, असे एकेक भाग तीत नोंदलेले आहेत. यांपैकी दहापेक्षा अधिक भाग परदेशी असता कामा नयेत. त्यामुळे क्रीडायोग्य रूपात आणलेल्या बंदुकीला तिचे मूळचे रूप परत द्यायचे, तर तिच्यातले अनेक चेक भाग काढून अमेरिकी भाग बसवावे लागतात. ज्या अस्सलपणासाठी शौकिनाने ती मागविली, तोच अशा रीतीने वाटेत थोडाथोडा गळून पडतो.

मग मूळ सैनिकी बंदूकच आणली तर? तेही जमत नाही. ती कायद्याच्या दृष्टीने मशीनगन ठरते, आणि १९८६ च्या कायद्याने नवी मशीनगन खाजगी नागरिकाला मिळण्याचा मार्ग बंद केला. तिचा मुख्य सांगाडा ज्योतीने कापून निकामी केल्यावर उरलेले भाग तेवढे आणता येत. २००५ पासून त्यांतून नळ्याही वगळल्या गेल्या.

याशिवाय आयात करणाऱ्याचा परवाना, प्रत्येक मालासाठी सरकारची अनुमती, चेक सरकारचा निर्यातपरवाना, विक्रीवर अकरा टक्के कर, आणि बंदुकीच्या अंगावर आयातदाराचे नाव व गाव कोरण्याची सक्ती. हा शेवटचा शिक्का संग्राहकाच्या डोळ्यांत सलतो. हा सारा खर्च व्यापारी हजारो नगांवर पसरू शकतो. शेदोनशे शौकिनांसाठी मात्र त्याला हिशेब जुळत नाही. दुर्मीळ वस्तू दुर्मीळच राहते, याचे कारण पुष्कळदा निव्वळ हेच असते.

कॅनडाची कथा याहून नाट्यमय आहे. तेथे ४७० मिलिमीटरांहून आखूड नळीच्या अशा अर्धस्वयंचलित रायफलींवर अधिक निर्बंध असतात, म्हणून लांब नळीची ‘सीझेड ८५८’ ही आवृत्ती आयात झाली आणि हजारो लोकांनी ती रीतसर विकत घेतली. २०१४ मध्ये तेथील राष्ट्रीय पोलिसांनी ठरविले की, या बंदुकींपैकी काहींचे मूळ स्वयंचलित बंदुकीत आहे, सबब त्या निषिद्ध होत. काल संध्याकाळी कायदेशीर असलेली वस्तू सकाळी निषिद्ध झाली! मालकांनी मोठा आवाज उठविला, आणि २०१५ मध्ये सरकारने तो निर्णय फिरविला.

पण कथा येथे संपत नाही. २०१७ च्या जानेवारीत क्युबेक शहरातील एका मशिदीत प्रार्थनेला आलेल्या सहा जणांची हत्या झाली. मारेकऱ्याजवळ याच जातीची बंदूक होती. ती सुरुवातीलाच अडली, म्हणून त्याने पिस्तूल उपसले. २०२० च्या एप्रिलमध्ये नोव्हा स्कोशिया प्रांतात बावीस जणांचे बळी गेले. त्यानंतर १ मे रोजी सुमारे पंधराशे प्रकारच्या बंदुकींवर बंदी आली. त्या यादीत ही चेक बंदूकही होती. मालकांना दिलेली सवलतीची मुदत सरकारने पुढे पुनःपुन्हा वाढविली.

दोन्ही पक्षांचे म्हणणे ऐकण्यासारखे आहे. शौकीन म्हणतो, “मी नियम पाळून घेतलेली वस्तू माझा गुन्हा कशी ठरते? आतली यंत्ररचना न पाहता केवळ रूपावरून निवाडा का करता?” या प्रश्नात तथ्य आहे. लांबी, दस्ता, भागांची संख्या यांच्या मोजपट्टीने धोका मोजणारा कायदा कधी निरुपद्रवी वस्तूला अडवितो, तर कधी घातक वस्तूला सोडून देतो. पण दुसऱ्या बाजूला त्या मशिदीतली सहा कुटुंबे उभी आहेत. त्यांच्या दृष्टीने संग्रहाचे कपाट आणि मारेकऱ्याचा हात यांतले अंतर फारच थोडे होते. तिकीट हरवले तर संग्राहकाचे नुकसान होते. बंदूक चुकीच्या हाती गेली, तर त्याची किंमत भलताच मोजतो.

म्हणून वेशीवर कडक पहारा असावा, हे मान्यच केले पाहिजे. मात्र पहारेकऱ्याचे नियम स्पष्ट असावेत, त्यांची कारणे सांगता यावीत, आणि ते दर ऋतूला बदलू नयेत. नाही तर प्रामाणिक नागरिक कागदांच्या चळतीखाली दबून जातो, कायद्यावरचा त्याचा विश्वास ढळतो, आणि ज्याला अडवायचे तो कागदाच्या वाटेने मुळी येतच नाही.