विश्वात द्रव्यच का उरले?

महास्फोटानंतर द्रव्य आणि प्रतिद्रव्य समप्रमाणात निर्माण झाले असावे, असे भौतिकशास्त्र मानते. कण आणि प्रतिकण एकत्र आले की दोघेही नष्ट होतात व केवळ ऊर्जा उरते. मग हा हिशेब शून्यावर न मिटता तारे, ग्रह आणि माणूस उरले कसे? सुमारे एक अब्ज कणांमागे एक कण जादा राहिला आणि त्यातूनच आजचे विश्व घडले. तो जादा कण कोठून आला, हे कोडे अद्याप कायम आहे.

त्याचा पहिला धागा १९६४ मध्ये हाती आला. के-मेसॉन या अल्पजीवी कणाच्या क्षयात निसर्ग कण व प्रतिकण यांना अगदी सारखे वागवीत नाही, असे अमेरिकेत जेम्स क्रोनिन आणि व्हॅल फिच यांना आढळले. क्वार्कचे किमान सहा प्रकार असल्यास हा भेद संभवतो, असे जपानच्या माकोतो कोबायाशी आणि तोशिहिदे मास्कावा यांनी १९७३ मध्ये मांडले. तेव्हा तीनच क्वार्क ज्ञात होते. सहावा सापडला तो १९९५ मध्ये.

याच सिद्धांतानुसार जड बी-मेसॉनच्या काही क्षयांत हा भेद ठळक दिसायला हवा होता. प्रोटॉनच्या साडेपाचपट वस्तुमानाच्या या कणाचे आयुष्य सेकंदाच्या एक लाख कोटीव्या भागाच्या जेमतेम दीडपट असते. अमेरिकेतील 'बाबर' आणि जपानमधील 'बेल' या प्रयोगांनी २००१ मध्ये हे भाकीत खरे ठरविले. 'बेल'मध्ये मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे शास्त्रज्ञही सहभागी होते. कोबायाशी व मास्कावा यांना २००८ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

मात्र या यशातच खरी अडचण दडली आहे. सिद्धांतातून निघणारा भेद विश्वातील द्रव्याचा हिशेब जुळविण्यास फारच अपुरा पडतो. म्हणजेच द्रव्याला झुकते माप देणारे आणखी काही कारण असले पाहिजे. अज्ञात जड कण असतील, तर त्यांचा प्रभाव बी-मेसॉनच्या क्षयात भाकितापासूनच्या किंचित विचलनातून प्रकटू शकतो. क्वार्कना बांधून ठेवणाऱ्या तीव्र बलामुळे हे गणित अवघड होते. म्हणून महासंगणकांची मदत घेतली जाते, किंवा त्या बलाचा परिणाम जवळपास वजा होतो असे क्षय निवडले जातात.

'सर्न'मधील 'एलएचसीबी' प्रयोगाने २०१९ मध्ये चार्म क्वार्कच्या, तर २०२५ मध्ये बॅरिऑन कणांच्या क्षयातही असा भेद नोंदविला. जपानमध्ये 'बेल-२' प्रयोग याच शोधात आहे. भाकीत आणि मोजमाप यांत निःसंशय तफावत आढळली, तर सिद्धांत अपुरा ठरेल. पण आपल्या अस्तित्वाचे कारण शोधण्याची वाट तेथूनच खुली होईल.