कासवाचं अंडं, बुरशी आणि कुंभाराचं गाढव

कारण कशाला म्हणायचं, हा आपला चालू विषय. आज त्यासाठी घट-पट सोडून समुद्रकिनाऱ्यावर जाऊ.

समुद्री कासवाची मादी वाळूत खड्डा करून शंभरेक अंडी घालते आणि निघून जाते. पुढचे पन्नासेक दिवस अंडी वाळूतल्या हवेवर जगतात. कवचातूनच त्यांचा श्वास चालतो. काही अंड्यांवर मात्र पिवळे, निळसर, करडे डाग दिसतात, आणि आत गर्भ मेलेला. डाग फ्युझेरियम नावाच्या बुरशीचे.

आता सांगा, बुरशीनं अंडं मारलं, की मेलेल्या अंड्यावर बुरशी आली? दुसरं उत्तर सहज पटतं, कारण कुजवणं हे बुरशीचं कामच. म्हणजे न्यायशास्त्रातलं कुंभाराचं गाढव! माती त्याच्या पाठीवरून आली खरी, पण घटाचं कारण म्हणून त्याला कोणी धरत नाही. अन्यथासिद्ध.

आफ्रिकेच्या पश्चिमेला केप व्हर्डेमध्ये बोआव्हिस्टा बेट आहे. तिथल्या लॉगरहेड कासवांवरचा अभ्यास 2010 साली प्रसिद्ध झाला. डाग पडलेल्या अंड्यांमधली बुरशी वेगळी काढून वाढवली, निरोगी अंड्यांना लावली. ती मेली, आणि त्यांच्यातून पुन्हा तीच बुरशी मिळाली. रॉबर्ट कॉखची ही जुनी कसोटी. आपण अन्वय-व्यतिरेक म्हणतो ना, त्याच्या जवळची. गाढव सुटलं, बुरशी अडकली!

पण थांबा. वाळूत बुरशी असते, तरी प्रत्येक घरटं काही नासत नाही. भरतीचं पाणी शिरतं, चिकणमाती जास्त असते, तिथे तिचा जोर वाढतो. शिवाय एखादं अंडं आधीच मेलेलं असलं की तिला आयतं खाद्य मिळतं, आणि तिथून तिचे तंतू शेजारच्या जिवंत अंड्यांवर पसरतात. म्हणजे ओल, माती, शेजार, ही सगळी सहकारी कारणं झाली.

आपल्या कोकणात, वेळासला, ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी कुत्र्या-कोल्ह्यांपासून आणि भरतीपासून वाचवायला कुंपणातल्या हॅचरीत हलवतात. काम मोलाचंच आहे. पण हॅचरी म्हणजे अनेक घरटी एकाच जागी. तीच वाळू वर्षानुवर्षं वापरली तर बुरशीलाही आपण घर बांधून दिलं. आणि हलवताना अंडी गडगडली, आतला गर्भ दगावला, तर बुरशीचं पहिलं खाद्य आपणच पुरवलं. म्हणून घरट्यांमध्ये अंतर ठेवायचं, पिल्लं गेली की कवचं आणि न उबलेली अंडी काढून टाकायची, आणि पुढच्या हंगामाला वाळू तरी बदलायची, नाहीतर जागा तरी.