शाळेचे कुंपण

गेल्या पावसाळ्यात गोंदिया जिल्ह्यातल्या सालेकशाला एका स्नेह्यांकडे मुक्काम पडला. सकाळी त्यांचा नातू गळ्यात टाय बांधून पिवळ्या गाडीत बसला. काही वेळाने शेजारच्या गोंड कुटुंबातली मुलगी दप्तर सांभाळीत, चिखल तुडवीत जिल्हा परिषदेच्या शाळेकडे निघाली.

"संध्याकाळी दोघं इथंच खेळतात जी," स्नेही म्हणाले.

"मग शाळा वेगळ्या का?"

"इंग्रजीसाठी." थोडे थांबून त्यांनी पुस्ती जोडली, "अन् संगतीसाठी."

हा 'संगत' शब्द आपल्याकडे फार जुना आहे. 1856 साली एका महार मुलाला धारवाडच्या सरकारी शाळेने प्रवेश नाकारला. पुढे 1858 साली, केवळ सरकारी खर्चाच्या शाळा सर्व जातींना खुल्या असल्याचे मुंबई सरकारने जाहीर केले. तरी कित्येक मुले वर्गाबाहेरच बसत राहिली. अखेर 1919 साली कोल्हापुरात शाहू महाराजांनी अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळाच बंद केल्या आणि सर्व मुलांना एका शाळेत बसवण्याचा हुकूम काढला.

पण दार उघडले की काही जण घरच बदलतात! गोऱ्या-काळ्या मुलांच्या वेगळ्या शाळा बेकायदा असल्याचा निकाल अमेरिकेत 1954 साली लागला. तेव्हा व्हर्जिनियातील प्रिन्स एडवर्ड काउंटीने 1959 साली आपल्या सार्वजनिक शाळांना कुलूपच ठोकले. गोऱ्या मुलांसाठी खाजगी शाळा निघाली. काळी मुले मात्र वाऱ्यावर. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर 1964 साली त्या शाळा पुन्हा उघडल्या.

आपल्याकडे असे कुलूप कोणी लावीत नाही. फीचा आकडाच ते काम करतो. म्हणून 2009 च्या कायद्याने विनाअनुदानित खाजगी शाळांच्या पहिल्या वर्गात पंचवीस टक्के जागा दुर्बल व वंचित मुलांसाठी ठेवल्या. फेब्रुवारी 2024 मध्ये महाराष्ट्र सरकारने, एक किलोमीटरच्या आत सरकारी वा अनुदानित शाळा असल्यास खाजगी शाळेला यातून सूट दिली. जुलैत मुंबई उच्च न्यायालयाने ती सूट रद्द केली.

वाचकहो, स्नेह्यांना दोष देण्याचा मला अधिकार नाही. माझ्या मुलाच्या प्रवेशासाठी मीही पहाटे रांगेत उभा राहिलो होतो. 'चांगली शाळा' म्हणताना शिक्षक किती पाहिले आणि शेजारी बसणारी मुले किती, हे मी आजवर कोणाला सांगितलेले नाही.

त्या संध्याकाळी नातू मुलीला इंग्रजी आकडे शिकवत होता आणि ती त्याला झाडांची गोंडी नावे. उद्या त्यांचे खेळणे थांबले, तर दोघांचेही शिक्षण तेवढे अपुरे राहील.